उतारावरची गाडी

डिसेंबर लागला की चोर्ल्याची थंडी
रात्रीच खाली उतरते,
कुळागरांवरून, ओल्या सुपारीच्या वासातून,
आणि माझ्या गाडीच्या पोटात जाऊन बसते.
पहाटे साडेचार. मागे अठरा कॅन दूध.
चावी फिरवली की घरघर, घरघर,
मग पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा,
मग काहीच नाही.

म्हणून सहा हिवाळे गाडी मी उतारावर लावतो,
सातेरीच्या देवळाखाली, तोंड वाळपईकडे,
मागच्या चाकाला जांभा.
ढकलायला माणसं येतात. बोलवावं लागत नाही,
स्टार्टरचा खोकला ऐकूनच येतात:
शाबी, शेणाची बोटं नेसणाला पुसत;
आग्नेल पोदेर, सायकल कुंपणाला टेकवून,
टोपलीतल्या उंड्यांची ऊब अंगावर घेऊन;
आणि विश्राम गावस.

विश्राम माझ्याशी बोलत नाही.
काजूच्या बागेतला एक दगड, हातभर इकडे की तिकडे,
त्यावर कोर्टात तारखा चालल्यात.
पण पहाटे उजव्या आरशात त्याची कानटोपी दिसते,
फळीला लावलेले दोन्ही तळहात.
इंजिन धरलं की तो वळतो
आणि टेललाइटच्या लाल उजेडातून बाहेर जातो.

रविवारी इनास आला, डिकीत पाने खुळखुळवत.
बॅटरी नवी, डिझेल चांगलं,
मग थंडीतच का रडते, म्हणाला.
चारही हीटर प्लगांना जोडणारी पट्टी सोडवली,
नट ओठांत धरले,
आणि खिशातून दोन वायरींचा एक बल्ब काढला,
कुठल्याशा मोडक्या स्कूटरच्या इंडिकेटरमधला.
चिमटा बॅटरीच्या अधिकला,
दुसरं टोक पहिल्या प्लगच्या डोक्यावर.
बल्ब लागला.
"हो जितो."
दुसऱ्यावर अंधार.
त्याने टोक घासलं, डोकं घासलं, पुन्हा टेकवलं.
"हो मेलो."
तिसरा मेलो. चौथा जितो.
नट ओठांत असल्यामुळे
एवढंच बोलला.

मला खरं वाटेना. मग त्याने चौथा खोलून
पकडीत धरला, वायरींनी बॅटरीला जोडला.
मी आकडे मोजले. सहाला टोक काळंच,
आठला जांभळट, दहाला लाल,
पिकल्या मिरचीच्या शेंड्याएवढं लाल.
त्यावर त्याने विडी पेटवली.
"म्हणजे सहा वर्षं," मी म्हटलं, "दोघांवरच चालली?"
धूर सोडत इनास म्हणाला,
"ढकलपी आसले न्हय?"
दोन नवे घातले. आठशे रुपये, आणि चहा.

सोमवारी चावी अर्धी फिरवली,
पिवळा दिवा विझेपर्यंत थांबलो,
आणि गाडी पहिल्या फेरीत लागली.
इतकी सरळ, की मी दचकलो.
शाबीच्या गोठ्यातला दिवा गोठ्यातच राहिला.
आग्नेलने भोंगा वाजवला, थांबला नाही.
विश्राम मात्र आला, उशीर झाला असं वाटून धावत,
कानटोपी अजून हातातच.
सवयीने फळीला तळहात टेकवले,
आणि फळी आधीच थरथरत होती.

आरशात तो तसाच उभा.
मध्ये धूर नव्हता, म्हणून चेहरा पुरता दिसला.
दाढी पिकलीय त्याची. कधी?
त्याने फळीवर दोन थापा मारल्या,
चालत्या बैलाच्या पाठीवर मारतात तशा,
आणि गेला.

मी काच खाली केली होती.
काहीतरी म्हणायचं होतं.
दूध नासेल म्हणून निघालो.
डिसेंबरात, पहाटे पाचला, दूध नासेल म्हणून.

दोन मेलेले प्लग डॅशबोर्डवर आहेत,
प्रत्येक वळणाला एकमेकांवर वाजतात.
आज रात्री गाडी सपाटीवर लावायची की उतारावर,
अजून ठरत नाही.
जांभा तिथेच पडलाय.